उजेडाचं टेबल

एकतीस वर्षं मी उजेडाच्या टेबलाशी उभी आहे.
काचेखाली दिवा, काचेवर कॉड माशाची फाक,
आणि फाकेच्या आत, असलाच तर, जंत,
स्वल्पविरामाएवढा, गुंडाळून झोपलेला.
चिमट्यानं उचलायचा, फाक पुढे सरकवायची.
मिनिटाला बारा.
राग्नफ्रिडच्या नजरेतून काही सुटत नाही,
असं फोरमन नव्या पोरींना सांगतो.

माझ्याच अंगातलं सुटलं.

दर दोन वर्षांनी बोट्सफ्योरला बस येते,
बंदराशी बर्फ खरवडून केलेल्या जागेत उभी राहते.
आम्ही कारखान्यातून पाळीपाळीनं जातो,
केसांना माशांचा वास, बुटांत लोकरीचे मोजे.
सूर्य नोव्हेंबरात गेलेला, जानेवारीशिवाय येणार नाही.
आतली पोरगी म्हणते, खांदा सैल सोडा, श्वास धरा,
आणि दोन पट्ट्यांमध्ये स्तन चपटा होत जातो.
अगदी फाकेसारखा गं, पुवनेश्वरी म्हणाली,
जाफन्याहून येऊन बावीस वर्षं माझ्या डावीकडे उभी असलेली.
बसच्या पायरीवर आम्ही दोघी हसत सुटलो.
बाहेर उणे चौदा.

तीन आठवड्यांनी पत्र. ट्रॉम्सोला या.
बहुतेक वेळा यात काळजीचं काही नसतं,
हे वाक्य ठळक अक्षरांत.
ठळक का?
विमानभर तेवढाच विचार केला.

डॉक्टर गुन्वोर पडद्याला बोट लावत नाही,
पेन्सिलीचं मागचं टोक धरते.
करड्या ढगात चिमटीतून सांडावं तसं मीठ.
कॅल्शियमचे कण, ती म्हणते,
गाठ नाही, हाताला कधीच लागले नसते.
मी मोजले. सवयच ती. सतरा.
मी सोळा मोजलेत, ती म्हणाली,
मग चष्मा वर करून पडद्याशी वाकली.
सतरा, म्हणाली.
त्यानंतर आमचं बरं जमलं.

सोनोग्राफीत ते दिसेनात.
नवऱ्याच्या बोटीवर असंच यंत्र होतं,
पाण्यात आवाज सोडायचा, परत येईल त्यावरून थवा ओळखायचा.
तोही पुष्कळदा हात हलवत घरी यायचा.

मग ते टेबल, मधोमध भोक असलेलं.
पालथं झोपायचं, स्तन भोकातून खाली,
आणि टेबल वर उचलून डॉक्टर त्याखाली बसते,
गाडीखाली मेकॅनिक बसावा तशी.
मला फक्त भिंत दिसत होती, आणि भिंतीवर
कुणीतरी चिकटवलेलं पफिन पक्ष्याचं चित्र.
भुलीच्या इंजेक्शनची आग, मग काही नाही.
आता आवाज होईल, ती दर वेळी आधी सांगायची.
खट्. मग शोषून घेणारी घरघर.
खट्. घरघर.
बारा वेळा. पफिनच्या चोचीत सात मासे होते.

निघालेल्या तुकड्यांचाही एक्स-रे काढतात,
कण खरंच हाती लागलेत का ते पाहायला.
अकरा आलेत, गुन्वोर म्हणाली. पुरेत.
जागा हरवू नये म्हणून आत एक खूण सोडली,
टायटॅनियमची, तिळाहून लहान.
आता माझ्यातही
कुणाला तरी सापडावं म्हणून काहीतरी ठेवलेलं आहे.

निकालाला आठ दिवस, कदाचित दहा.
आज सहावा.
ट्रॉम्सोत कुणी बाई असेल, जिला मी पाहिलेलं नाही,
माझे कागदाहून पातळ काप गुलाबी-जांभळे रंगवून
तिच्या दिव्यावर ठेवत असेल, डोळा लावत असेल.
बाई, मिनिटाला बारा हा आमचा दर आहे.
तू तो पाळू नकोस.
कॉफी पिऊन ये. पुन्हा पाहा.
शंका आली तर शेजारणीला विचार,
त्यात कमीपणा नसतो.

फोन एप्रनच्या खिशात, मुका.
मघाशी एक फाक मी न पाहताच पुढे सोडली.
पुवनेश्वरीनं काही न बोलता हात लांब केला,
ती परत ओढली,
आणि माझ्या दिव्यावर ठेवली.